सायलेन्सरच्या नळीस उष्णतारोधक लेप : निवड आणि रीत

दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील वावरांत सोयाबीनची मळणी चाललेली असते. ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास मळणीयंत्र फिरवीत असतो आणि वाऱ्यासरशी उडालेले कुटार त्याच्या तापलेल्या अंगावर येऊन बसत असते. पाठोपाठ कपाशीची वेचणी सुरू होते. राळेगाव, वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद, उमरखेड या बाजारपेठांकडे जाणाऱ्या वाटांवर कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या ट्रॉलीत असते, आणि त्या मोलापासून काही हातांच्या अंतरावर सायलेन्सरची तप्त नळी धूर ओकीत असते.

या नळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलले जाते, चाकांतील हवा तपासली जाते, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवावीत तसे दसऱ्याला बॉनेटही पुसून लखलखीत केले जाते. परंतु सायलेन्सर मात्र गंजत राहतो. पुढे कधी तरी त्याचा पत्रा पोकरला जातो, बाजूला भोक पडते आणि जो ऊष्ण वायू वरच्या तोंडाने निघून जावयाचा तो मध्येच आडवा बाहेर पडू लागतो. मग त्याच्या झळेसमोर रबरी नळी आहे, डिझेलची टाकी आहे की कुटार साठले आहे, हा केवळ योगाचा प्रश्न उरतो.

ही नळी गंजापासून राखण्याचा स्वस्त उपाय म्हणजे तिला योग्य उष्णतारोधक लेप देणे. हे काम कठीण नाही. मात्र लेपाची निवड चुकली तर पैसाही जातो आणि नळीही जाते. सबब ही निवड कोणत्या आधारावर करावी, हे शेतकरी बंधू-भगिनींनी नीट समजावून घेणे हितावह होय.

नळी गंजते कशी?

लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी या दोन गोष्टी पुरेशा असतात. सायलेन्सरला त्या बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून मिळतात. पावसाळ्यात जिल्ह्यातील काळ्या जमिनीत ट्रॅक्टर अनेक दिवस जागचा हलत नाही. त्या काळात उभ्या नळीच्या उघड्या तोंडातून पावसाचे पाणी आत उतरते. चाकांनी उडविलेला चिखल पत्र्यावर बसून ओल धरून ठेवतो.

आतील पाण्याचा उगम मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. डिझेलमध्ये हायड्रोजन असतो; तो जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी बनतो. एक लिटर डिझेल जळले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून जाते. इंजिन पूर्ण तापलेले असेल तेव्हा ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु ट्रॅक्टर पाच मिनिटे चालवून बंद केला तर तीच वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते. डिझेलमधील गंधकाच्या अंशामुळे या पाण्यास आम्लता येते व गंज वेगाने वाढतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांसाठी अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळू लागल्यामुळे आम्लाचा त्रास पुष्कळ घटला आहे. पाण्याचा त्रास मात्र कायम आहे.

यावरून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट व्हावी. बाहेरून दिलेला लेप आतील गंज थांबवू शकत नाही. आतल्या बाजूसाठी उपाय वेगळे आहेत. उभ्या नळीच्या तोंडावर आपोआप उघडझाप करणारे झाकण असावे. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र ठेवलेले असल्यास ते मोकळे ठेवावे. बंद ट्रॅक्टर सुरू केलाच तर तो चांगला तापेपर्यंत चालवावा. एवढी काळजी घेतली तर बाहेरील लेपाचे श्रम सार्थकी लागतात.

साधे रोगण का टिकत नाही?

मोटारपंपाच्या दारास लावून उरलेला ऑइल पेंट सायलेन्सरला फासण्याची पद्धत गावोगाव दिसते. चार दिवस नळी नवी दिसते. पाचव्या दिवशी रंग पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, फुगतो आणि पापुद्र्यांनी गळून पडतो.

याचे कारण रंगाच्या घटकांत आहे. रोगणात रंगद्रव्याची पूड असते आणि ती पूड पृष्ठभागाशी बांधून ठेवणारे एक बंधक द्रव्य असते. विदर्भातील शेतकऱ्यास जवस परिचित आहे. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते, या गुणामुळेच ते पूर्वापार रोगणात वापरले जात आले. आजच्या साध्या ऑइल पेंटमधील बंधक द्रव्येही अशाच वनस्पतिजन्य तेलांपासून सिद्ध केलेली असतात. त्यांचा सांगाडा कार्बनचा असतो. कढईत तेल फार तापले म्हणजे ते जसे काळे पडून धुरकटते, तशीच गत १००-१५० अंश सेल्सिअसच्या पुढे या बंधकाची होते. बंधक जळाले की रंगाच्या पुडीस धरून ठेवणारे काही उरत नाही.

उष्णतारोधक लेपात बंधक निराळे असते. त्यास सिलिकोन म्हणतात. त्याचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो. वाळू आणि काच यांचीही घडण याच दोन मूलद्रव्यांची आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या पदार्थांचा पायाभूत अभ्यास केला. १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाल्यानंतर त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. सिलिकोन फार तापले तर त्यातील थोडा कार्बनयुक्त भाग जळून जातो, परंतु मागे वाळूसारखा टणक सांगाडा उरतो आणि तो रंगद्रव्यास धरून राहतो.

या बंधकात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म, चपटे कण मिसळले म्हणजे रुपेरी लेप तयार होतो. कौलारू छपरावर कौले एकावर एक बसावीत तसे हे कण एकमेकांवर बसतात व ओलाव्यास पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांस वितळते; म्हणून अशा लेपाची मर्यादा सामान्यतः ६०० अंशांपर्यंत धरली जाते.

एकाच नळीत उष्णता अनेक

लेप निवडताना होणारी मुख्य चूक ही की, सायलेन्सर सर्वत्र सारखाच तापतो असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. नांगरटीसारख्या अवजड कामात डिझेल इंजिनातून निघणारा वायू ५०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तप्त असू शकतो. इंजिनास लागून असलेला मॅनिफोल्ड आणि त्यापुढील पहिले वळण हे भाग म्हणून सर्वांत तापतात. सायलेन्सरचा डबा त्याहून कमी तापतो. नळीचे तोंड सर्वांत थंड. तेथील पत्रा पुष्कळदा २०० अंशांच्या आतबाहेर असतो. मोटारगाडीत ही नळी लांबलचक असल्यामुळे मागील टोक गावातल्या गावात फिरताना आणखीच कमी तापते.

आता, अधिक उष्णता सोसणारा महागडा लेप सर्वत्र लावला म्हणजे काम भागले, असे कोणास वाटेल. परंतु येथेच गोम आहे. बहुतेक सिलिकोन लेप केवळ हवेने पूर्ण पक्के होत नाहीत. मातीचे मडके भट्टीत भाजल्याशिवाय जसे पाणी धरीत नाही, तसे हे लेप सुमारे २०० अंशांवर तासभर तापल्याशिवाय टणक होत नाहीत. इंजिनाजवळ ही भाजणी आपोआप होते. परंतु जे टोक कधी १५० अंशांवरही जात नाही, तेथे ६०० अंशांचा उत्तम लेपही कच्चाच राहतो. बोटाने खरवडला जातो, डिझेलचा थेंब पडला तर पुसला जातो.

म्हणून नियम असा की, कमी उष्णतेचा लेप अधिक तापणाऱ्या जागी जळतो आणि अधिक उष्णतेचा लेप कमी तापणाऱ्या जागी कच्चा राहतो. ज्या जागेस लेप द्यावयाचा, त्या जागेची उष्णता आधी जाणून घेतली पाहिजे.

लोहाराची नजर

उष्णता मोजण्यास दुरून तापमान दाखविणारे उपकरण मिळते. परंतु चकचकीत धातूवर ते पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखविते. त्यापेक्षा गावातील लोहार जी रीत जाणतो ती अधिक सोपी आहे. छिन्नीस पाणी पाजताना लोहार तिचा थोडा भाग घासून उजळ करतो आणि पोलादावर चढत जाणारे रंग पाहून योग्य क्षण ओळखतो. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा हा क्रम असतो. पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो व त्याच्या जाडीप्रमाणे हे रंग दिसतात.

हीच परीक्षा सायलेन्सरवर करता येते. थंड नळीवर इंजिनाजवळ, डब्यावर आणि तोंडाशी अशा तीन ठिकाणी रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून उजळ करावी. तेथे तेलाचा अंश राहू देऊ नये. नंतर ट्रॅक्टर नेहमीच्या अवजड कामास अर्धा-पाऊण तास चालवावा, बंद करावा व पूर्ण थंड झाल्यावर त्या जागा पाहाव्यात.

फिकट पिवळा रंग आला असल्यास ती जागा सुमारे २२० ते २३० अंशांपर्यंत तापली असे समजावे. तपकिरी म्हणजे सुमारे २५५, जांभळा म्हणजे सुमारे २८० आणि निळा म्हणजे सुमारे ३०० अंश. निळा रंगही उतरून पत्रा राखाडी झाला असेल तर उष्णता त्याहून पुष्कळ अधिक आहे. काहीच रंग चढला नाही तर ती जागा २०० अंशांच्या खाली आहे. ही परीक्षा साध्या पोलादासाठी आहे. क्रोमचा मुलामा दिलेल्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या नळीवर हे आकडे लागू पडत नाहीत.

कोणत्या जागी कोणता लेप?

भारतीय मानक ब्यूरोने उष्णतारोधक अ‍ॅल्युमिनियम रंगासाठी आय.एस. १३१८३ हे मानक ठरविले आहे. त्यात २००, ४०० आणि ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाऱ्या अशा तीन प्रती सांगितल्या आहेत. डबा विकत घेताना केवळ ‘हीट प्रूफ’ या शब्दांवर न जाता, तो किती अंशांसाठी आहे आणि पक्का होण्यास किती उष्णता लागते, या दोन गोष्टी डब्यावर वाचून घ्याव्यात. ज्या डब्यावर यांपैकी काहीच छापलेले नाही, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

जेथे परीक्षेत रंग चढला नाही, अशा नळीच्या तोंडास २०० अंशांची प्रत योग्य. मोटारगाडीच्या मागील टोकासही बहुधा हीच प्रत किंवा हवेत वाळून पक्का होणारा, २०० अंशांहून थोडी अधिक उष्णता सोसणारा लेप पुरतो. जेथे पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग चढला, त्या जागेस ४०० अंशांची प्रत द्यावी. जेथे पत्रा राखाडी झाला, तेथे आणि मॅनिफोल्डजवळ ६०० अंशांची प्रतच वापरावी.

रुपेरी रंगाऐवजी काळा हवा असल्यास उष्णतारोधक काळा लेपही मिळतो. त्यात धातूंच्या ऑक्साइडांची काळी पूड असते. साध्या काळ्या रंगात काजळी असते, आणि काजळी अतिउष्णतेत स्वतःच जळून रंग फिकट पडतो. म्हणून दोहोंत गल्लत करू नये.

सिरॅमिक लेप त्याहून अधिक उष्णता सोसतात आणि पेट्रोल इंजिनाच्या अतितप्त मॅनिफोल्डवर ते शोभतात. परंतु त्यांची किंमत जास्त असते व त्यांतील पुष्कळ लेप कारखान्यातच फवारून भट्टीत भाजावे लागतात. डिझेल ट्रॅक्टरच्या डब्यास व तोंडास त्यांची आवश्यकता नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जी.आय. नळी, पाण्यासाठी उत्तम खरी. विहिरीवरचा उरलेला तुकडा सायलेन्सरला जोडण्याचा मोह कित्येकांना होतो. परंतु जस्त सुमारे ४२० अंशांस वितळते आणि २०० अंशांपुढे सतत तापले तर त्याचा मुलामा टिकत नाही. शिवाय अशी नळी वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो. सायलेन्सरसाठी ती वापरू नये.

क्रोमचा मुलामा मोटारीच्या टोकावर शोभेसाठी असतो. तापल्यावर तो पिवळसर-निळसर होतो. हा दोष लेपाचा नसून उष्णतेचा परिणाम आहे. त्यावर रंग चढवावयाचा असल्यास मुलामा खरबरीत केल्याशिवाय रंग धरत नाही. न गंजणाऱ्या पोलादाचे टोक असेल तर त्यास लेपाची गरजच नसते. साबणाच्या पाण्याने काजळी धुवावी, एवढेच पुरे.

एका जुन्या उपायाविषयी सावध राहावे. सायलेन्सरभोवती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड गुंडाळण्याची पद्धत पूर्वी होती. त्याचे अतिसूक्ष्म तंतू फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी असाध्य रोग उत्पन्न करतात. जुन्या ट्रॅक्टरवर असे वेष्टन आढळल्यास ते कोरडे ओरबाडून काढू नये. जाणकाराच्या सल्ल्याने, पूर्ण ओले करून, नाकातोंडास योग्य संरक्षण बांधून व मुलांना दूर ठेवून काढवावे.

लेप देण्याची रीत

लेपाचे आयुष्य डब्याच्या किमतीपेक्षा पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असते. या कामास मार्च ते मे हा काळ सोयीचा. हवा कोरडी असते आणि पावसापूर्वी लेप पक्का करून घेता येतो. मात्र यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि उन्हातील पत्रा हात लावू देत नाही. अशा पत्र्यावर रंग लागताक्षणी सुकून सुरकुततो. म्हणून काम सकाळी, सावलीत करावे.

पहिली पायरी तपासणीची. थंड सायलेन्सर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकून पाहावा. सुदृढ पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला पत्रा बद्द वाजतो. भोक आढळल्यास ते रंगाने अथवा लांबीने बुजवू नये. लेपाखाली झाकलेले भोक उघड्या भोकापेक्षा घातक असते, कारण ते दिसत नाही. असा भाग वेल्डिंग करून घ्यावा किंवा बदलावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीचे जोड काढण्यास विसरू नये.

दुसरी पायरी स्वच्छतेची. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेल, चिखल व काजळी काढावी आणि पत्रा पूर्ण वाळू द्यावा. नंतर तारेच्या ब्रशाने व जाड पॉलिश पेपरने गंज आणि जुना रंग उजळ धातू दिसेपर्यंत खरवडावा. गावाजवळ वाळूच्या झोताने पत्रा साफ करून देणारी कार्यशाळा असल्यास उत्तमच. शेवटी थिनरने भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे व त्यानंतर तेथे उघडा हात लावू नये. हाताचा तेलकटपणाही लेपास धरू देत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, खाली रेड ऑक्साइडचा हात देऊ नये. लोखंडी दारे-खिडक्यांना रेड ऑक्साइड आवश्यक असतो, म्हणून रंगारी सवयीने येथेही तो लावतात. परंतु त्याचे बंधक साधेच असते. ते जळते आणि वरचा उत्तम लेपही घेऊन गळून पडते. उष्णतारोधक लेप थेट उजळ पत्र्यावर द्यावा, किंवा उत्पादकाने सांगितलेलाच प्राइमर वापरावा.

डब्यातील अ‍ॅल्युमिनियम तळाशी बसलेले असते. काडीने तळापासून चांगले ढवळावे. ब्रशाने पातळ हात द्यावा, सांगितलेला वेळ वाळू द्यावा व दुसरा पातळ हात द्यावा. जाड हात म्हणजे मजबूत लेप, ही समजूत येथे चुकीची ठरते. जाड थराच्या पोटातील थिनर तापल्यावर वाफ होऊन लेप फोडून बाहेर येतो.

शेवटची पायरी भाजणीची. लेप डब्यावर सांगितलेला काळ हवेत वाळल्यानंतर ट्रॅक्टर मोकळ्या जागी उभा करावा. इंजिन प्रथम दहा मिनिटे मंद गतीने चालवून बंद करावे व थंड होऊ द्यावे. नंतर वीस मिनिटे मध्यम गतीने चालवून पुन्हा थंड करावे. तिसऱ्या वेळी हलक्या कामास जोडून तासभर चालवावे. या वेळी थोडा धूर व वास येतो. त्याने घाबरू नये, परंतु तो श्वासात घेऊ नये. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये हे काम कदापि करू नये, कारण इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो. थिनर ज्वालाग्राही आहे. कापूस, कुटार व बिडी-काडी यांपासून काम दूर असावे.

५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांसाठी जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. अशा नव्या ट्रॅक्टरांच्या निकास मार्गात धूर शुद्ध करणारी साधने व तापमान जाणणारे संवेदक असू शकतात. त्यांवर रंग फासू नये व तो भाग कापून बदलू नये. आधी माहितीपुस्तिका पाहावी.

खर्चाचा हिशेब

समजा, एका ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा डबा १२ सेंटिमीटर व्यासाचा व ६० सेंटिमीटर लांबीचा आहे आणि नळी ५ सेंटिमीटर व्यासाची व ८० सेंटिमीटर लांबीची आहे. दोहोंचा बाह्य पृष्ठभाग मिळून सुमारे ०.३५ चौरस मीटर होतो. दोन हातांचे ०.७ चौरस मीटर. एक लिटर लेप एका हातास ८ चौरस मीटर पुरतो असे धरले तर १०० मिलिलिटरपेक्षा कमी लेप लागतो. ब्रशात व भांड्यात वाया जाणारा धरूनही १५० मिलिलिटर पुष्कळ झाला. म्हणजे एक लिटरचा डबा सहा ट्रॅक्टरांस पुरेल. एकट्याने मोठा डबा घेऊन उरलेला वाळवून टाकण्यापेक्षा गावातील शेतकरी गटाने मिळून तो घ्यावा व एकाच दिवशी सर्व ट्रॅक्टरांचे काम उरकावे. त्यामुळे खर्चही वाटला जातो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येते.

लेप काय करीत नाही?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. उष्णतारोधक लेप म्हणजे उष्णता अडविणारा लेप नव्हे. उष्णता सोसणारा लेप होय. तो दिल्यानंतरही नळी जवळजवळ तितकीच तापते. लेप दिलेल्या नळीस हात लागला तरी हात भाजतो. तिच्यावर कुटार बसले तर तेही धुमसू शकते. कापूस सुमारे ४०० अंशांस आपोआप पेट घेतो, आणि ठिणगी पडली तर त्याची वाटही पाहावी लागत नाही.

सायलेन्सरच्या तोंडातून निघणारी ठिणगी म्हणजे काजळीचा जळता कण. तिला कोणताही रंग अडवू शकत नाही. त्यासाठी ठिणगीरोधक जाळी अथवा तत्सम साधन बसवावे लागते. ही गोष्ट या जिल्ह्यास नवी नाही. १९०३ मध्ये सुरू झालेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या मार्गावर, ज्यास लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, कापूस वाहून नेला जाई. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. वाफेच्या इंजिनांच्या धूरपेटीत ठिणग्या अडविण्यासाठी जाळी बसविण्याची पद्धत सर्वत्र होती, कारण धुराड्यातून उडालेली ठिणगी आणि उघडा कापूस यांचे वैर रेल्वेवाल्यांस पुरते ठाऊक होते. आज धुराडे लहान झाले आहे आणि ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात येऊन उभे राहिले आहे.

कापसाच्या आगीचा स्वभावही लक्षात ठेवावा. ढिगात शिरलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवीत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते आणि संध्याकाळी शांत दिसणारी गंजी मध्यरात्री पेटते. म्हणून मळणीच्या वेळी ट्रॅक्टर वाऱ्याच्या दिशेचा विचार करून असा उभा करावा की, धूर आणि ठिणग्या गंजीकडे जाणार नाहीत. दर दोन तासांनी इंजिन थांबवून, थोडे थंड होऊ देऊन, मॅनिफोल्डवर साठलेले कुटार झाडावे. पाण्याचा ड्रम, वाळूची बादली आणि शक्य तर पावडरचे अग्निशामक यंत्र जवळ असावे. जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगालगत इंजिन चालू ठेवू नये.

दोन शेतकऱ्यांचे उदाहरण

समजा, एकाच गावातील दोन शेतकऱ्यांनी उन्हाळ्यात सायलेन्सरचे काम काढले. पहिल्याने ६०० अंशांचा महाग डबा आणला, गंजावरच रेड ऑक्साइडचा हात दिला, त्यावर दोन जाड हात मारले आणि लेप न भाजताच ट्रॅक्टर पावसाळ्यापर्यंत उभा ठेवला. दुसऱ्याने तीन जागा घासून रंग पाहिले, डब्यास ४०० अंशांची व तोंडास २०० अंशांची प्रत गटाच्या डब्यांतून घेतली, पत्रा उजळ केला, पातळ हात दिले आणि रीतसर भाजले. दिवाळीस पहिल्याच्या नळीवरून पापुद्रे निघत असतील, तर दुसऱ्याची नळी फडक्याने पुसली की पुन्हा रुपेरी दिसेल. पैसा पहिल्याचा अधिक गेला. फरक पडला तो परीक्षेने आणि रीतीने.

लेप एकदा दिला म्हणजे काम कायमचे संपले असे नव्हे. दर वर्षी मृगापूर्वी एकदा आणि मळणीपूर्वी एकदा सायलेन्सर पाहावा. जेथे लेप उडाला असेल तेवढीच जागा उजळ करून पुन्हा पातळ हात द्यावा. ठोकून आवाज ऐकावा, तोंडावरील झाकण हलते का पाहावे, ठिणगीरोधक जाळीतील काजळी काढावी. दोन्ही वेळचे मिळून हे काम एका सकाळचे आहे. ज्या ट्रॉलीत कुटुंबाचे वर्ष भरलेले असते, तिच्यासाठी एक सकाळ देणे कोणाही शेतकऱ्यास जड जाऊ नये.